डाव्या गालावरची पाहुणी

मी एक जुना डबा आहे. चेहऱ्यांचे फोटो काढणारा. माझ्या पाठीवरच्या पत्र्यावर माझे लांबलचक परदेशी नाव कोरलेले आहे, पण मित्रांनो, ते आजवर कोणी धड उच्चारलेले नाही. सगळे मला डबाच म्हणतात आणि मला त्याचा राग नाही. माझ्यासमोर बसायची एक शिस्त आहे. केस पांढऱ्या पट्टीने मागे बांधायचे, हनुवटी खोबणीत टेकवायची, कपाळ वरच्या दांडीला लावायचे, डोळे मिटायचे आणि मुळीच हसायचे नाही. मग माझ्या आतल्या काळोखात दिवे लागतात आणि मानेखाली धडच नाही असा नुसता चेहरा तेवढा उजळून निघतो. पहिल्यांदा पाहणारा जरा दचकतोच.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्या पोटात तीन दिवे बसवले. पांढरा दिवा कातडीवरचे दाखवतो, तिरका दिवा सुरकुत्यांची खोली मोजतो आणि तिसरा आहे जांभळा. जांभळ्या दिव्यात जे दिसते ते अजून वर आलेलेच नसते. उन्हाने आतल्या आत करून ठेवलेली नासधूस आणि कातडीखाली दबा धरून बसलेले डाग त्यात दिसतात. समोर ताजीतवानी मुलगी बसलेली असते आणि मला तिच्या जागी तिची म्हातारी दिसते. कारखान्यातली माणसे याला माझा मोठा गुण समजत. मला मात्र पहिल्या दिवसापासून या दिव्याची भीती वाटत आली आहे.

माझी उमेदीची वर्षे घाटकोपरच्या एका त्वचेच्या दवाखान्यात गेली. तेव्हा माझा काय थाट होता! मला थंड हवेची खोली होती, रोज मऊ फडक्याने पुसणारी बाई होती, आणि लग्नसराईत तर नवऱ्या मुलींची रांग लागायची. एकदा अशाच एका मुलीने आपला जांभळा फोटो पाहिला आणि ती ओरडली, "ही कोण?" बाजूची नर्स गमतीत म्हणाली, "तूच गं, जरा नंतरची." त्या मुलीने मेंदीच्या हातांनी तोंड झाकून घेतले आणि ती पुन्हा कधी आली नाही. पुढे नवी यंत्रे निघाली, माझा आवाज घरघरू लागला आणि मला अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात विकून टाकले. तिथे माझ्या डोक्यावर कोणीतरी चहाचा पेला ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे.

गाळा राजेशसरांचा होता. ते चेहऱ्याला लावायची सिरम बनवून दुसऱ्यांच्या नावाने विकत. सिरम म्हणजे पाण्यासारखे पातळ औषधी लोशन. त्यांची केमिस्ट होती रुचिरा. मुलुंडहून यायची, कमी बोलायची आणि खोटे तर अजिबात बोलायची नाही, त्यामुळे धंद्यात तिचे नि सरांचे सारखे वाजत असे. लोकांना माझ्यासमोर बसवायचे, त्यांच्या गालांना थेंब लावायचे आणि घरी कसे लावायचे ते शिकवायचे काम सुलक्षणाकडे होते. सुलक्षणा मालाडला राहायची. तिचे वडील कोकणातून गिरणीत कामाला आले होते. तिचे बोलणे मुंबईचे, पण काही मनाला लागले की जिभेवर मालवणी यायची.

त्या वर्षी सरांना दोन पेप्टाइडांची तुलना करून हवी होती. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा अगदी बारीक तुकडा. रुचिरा त्याला निरोप म्हणायची. एक पेप्टाइड कातडीला निरोप देते की बाई, आळस सोड आणि नवे धागे विण. दुसरे कातडीखालच्या स्नायूला निरोप देते की गप्प बस, आठ्या घालू नकोस. मी मनातल्या मनात त्यांची नावे ठेवली होती, विणणारी आणि गप्प करणारी. दिसायला दोन्ही पाण्यासारख्या, वास कशालाच नाही. एकाच चेहऱ्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरी लावायची आणि शेवटी मी सांगायचे, कोण जिंकली. रुचिराने सुलक्षणाला एवढेच सांगितले की उजवीकडे विणणारी, डावीकडे गप्प करणारी. सुलक्षणाने विणणाऱ्या बाटलीला लाल दोरा बांधला, दुसरीला पांढरा, आणि कामाला लागली.

सरांना उन्हात रापलेले चेहरे हवे होते. म्हणून सुलक्षणा आपल्या मासेवालीलाच घेऊन आली. तिचे नाव मथुरा. मढच्या कोळीवाड्यातली, मालाडच्या बाजारात बसणारी. अंगाने काटक, आवाज खणखणीत आणि उजव्या गालावर गोंदणाचा हिरवा ठिपका. तिने खोबणीत हनुवटी टेकवली तेव्हा मला वाटले, आपण इतके दिवस पाहिले ते चेहरे कोरे कागद होते. तिच्या कपाळावर, डोळ्यांशी, ओठांभोवती इतक्या रेषा होत्या की मोजताना माझी घरघर वाढली. जांभळा दिवा लावला तेव्हा तर आत काही लपलेलेच नव्हते. जे यायचे ते सगळे आधीच वर आले होते.

"मावशी, तुम्हाला हे कशाला हवंय?" रुचिराने सरळ विचारले.

"आमचा तुलशीदास मना वलखत नाय गो," मथुरा म्हणाली. तुळशीदास तिचा नवरा. सगळी हयात होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या होता, आता आठवण गेलेली. "सकाली उठला का इचारतो, मावशी, माजी मथुरा कुटं गेली? मी मावशी! त्याच्या डोक्यात ती तरनी मथुरा बसलीय. माज्या तोंडाव इतक्या घड्या, त्याला त्यात मी गावत नाय."

"हे आठवणीचं औषध नाही, मावशी. आणि फरक पडला तर थोडासाच पडेल, तोही हळूहळू."

"आठवन गेली ती जाऊ दे. तोंड तं माजा हाय ना? त्याचा काय होतंय ता बघ."

 रुचिराने मथुरेचा पहिला फोटो काढायला लावला. आपण सुरकुत्या मोजतो म्हणजे नक्की काय करतो, असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

सुरुवातीचे दिवस काही झाले नाही. मग उजवा गाल जरासा उचलल्यासारखा दिसू लागला. डोळ्याजवळच्या रेषा होत्या तशाच, पण मधली कातडी तजेलदार झाली. डावी बाजू मात्र भराभर गुळगुळीत होत चालली. रुचिरा पडद्यावर दोन्ही बाजू मोठ्या करून पाहायची आणि ओठ चावायची. "विणणारीने एवढा फरक? असं होत नाही कधी," ती पुटपुटायची. राजेशसरांना कसली शंका नव्हती. ते पडद्यासमोर येऊन म्हणाले, "झकास! बघ ना, आरशासारखा गाल झालाय."

आणि एक दिवस मथुरा आली ती डोळे पुसतच. पट्टी बांधून घेता घेता सुलक्षणाला सांगू लागली, "काल भात वाढत व्हते. हा उजवा गाल त्याच्याकडं. तं माज्याकडं बघून बोलला, मथुरे, आंबट कमी परलाय. मथुरे बोलला गो! मना जेवनच गेला नाय."

"अगे बाई! मग?" सुलक्षणाचा हात थांबला.

"मग मी पानी द्याला फिरले, डावा गाल समोर. तं उठून उभाच ऱ्हायला. हात जोरले नि बोलतो, बाई, तुमी कुनाच्या?"

सुलक्षणा हसली. मथुरा हसली नाही. ती माझ्यासमोर बसली, मी फोटो काढला आणि नेहमीप्रमाणे नवा फोटो जुन्यावर ठेवून पाहिला. हे माझे रोजचेच काम आहे. नाकावर नाक, भुवईवर भुवई जुळते आणि माझी खात्री पटते की माणूस तेच आहे. त्या दिवशी उजवी बाजू जुळली. डावी जुळेना. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी पडद्यावर प्रश्न टाकला, ही तीच व्यक्ती आहे का? रुचिराने घाईघाईने 'होय' दाबले. मी यंत्र आहे, मला सांगतील ते मी मानतो. पण मित्रांनो, मी मनापासून 'नाही' म्हणत होतो.

त्यानंतर मथुरा येई ती गोष्टी घेऊनच. तुळशीदास आता तिच्या उजव्या बाजूला बसून पोटभर बोलायचा. होडीच्या, वाऱ्याच्या, लग्नाच्या गोष्टी सांगायचा. मध्येच आवाज खाली आणून विचारायचा, "मथुरे, ही तुज्या बाजूला कोन बसलीय? बोलत नाय, चालत नाय, नुसती बघते. घरात कशाला घेतलीस हिला?" जेवायला बसताना तो तीन ताटे मांडू लागला. एक त्याचे, एक मथुरेचे आणि एक त्या पाहुणीचे. ताटाला कोणी हात लावला नाही की त्याला वाईट वाटायचे. सुरुवातीला मथुरेने थट्टेवारी नेले. पुढे ती आरशासमोर डावा गाल पदराने झाकून उभी राहू लागली, कारण तिलाही तिथे कोणीतरी आहे असे वाटायला लागले होते.

मी तिला धीर देऊ शकलो असतो तर बरे झाले असते. पण मला जे दिसत होते ते अधिक वाईट होते. जांभळ्या दिव्यात डाव्या गालाखाली आता काहीच नव्हते. ऊन नाही, वारा नाही, मिठाचे पाणी नाही. कधी जगलाच नाही असा गाल. आणि एका फोटोत, जिथे दोन्ही डोळे मिटलेले असायला हवेत, तिथे डावा डोळा उघडा आला. सुलक्षणा शपथेवर म्हणाली की मावशीने पापणी हलवली नव्हती. रुचिरा म्हणाली, लवली असेल. तो फोटो तिने पुसला, पण माझ्या पोटात खोल कुठेतरी तो राहून गेलाच.

चाचणी संपली. राजेशसर अहवाल घेऊन बाजारात निघाले की विणणारी जिंकली. मथुरा शेवटच्या भेटीला आली तेव्हा सुलक्षणा गावच्या जत्रेला गेली होती. मथुरेने रुचिराचा हात धरला. "बाय, ज्या बाजूला तो मना वलखतो, ती मना पुऱ्या तोंडाला दे. पाहुनीला घालव आमच्या घरातून." तिने गोंदणाच्या ठिपक्यावर बोट ठेवून बाजूही दाखवली. रुचिराने पडद्यावर पाहिले. ठिपका पडद्याच्या डाव्या हाताला होता. तिच्या हिशेबाने डावीकडे गप्प करणारी. तिला नवल वाटले असावे, पण तिने एक मोठी कोरी बाटली भरून मथुरेच्या हाती दिली. त्या बाटलीला दोरा नव्हता.

मला चूक कळत नव्हती, मित्रांनो. मला फक्त चेहरे कळतात, बाटल्या नाही. तरीही मथुरा आनंदाने दाराबाहेर पडली तेव्हा मला थंडी वाजल्यासारखे झाले होते.

बऱ्याच दिवसांनी ती परत आली तेव्हा तिला तिचा मुलगा कृणाल घेऊन आला. सुलक्षणा दारातच थबकली. मथुरेचा सगळा चेहरा गुळगुळीत झाला होता. कृणाल तावातावाने बोलत होता, "काय दिलंत तुम्ही आईला? बाबा घरातून निघून गेले. ओहोटी होती म्हणून वाचले, छातीएवढ्या पाण्यात उभे होते. मी ओढून आणलं तर म्हणतात, घर त्या बाईनं भरून टाकलं, मथुरा दर्यात गेली असंल, मी तिला आनाला चाललोय."

 मथुरेला माझ्यासमोर बसवले. मी दिवा लावला. तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होते, पण चेहरा रडत नव्हता. कपाळ हलत नव्हते, भुवया हलत नव्हत्या, डोळ्यांच्या कडा हलत नव्हत्या. एका स्वस्थ, सुंदर, अनोळखी चेहऱ्यावरून कोणाचे तरी अश्रू ओघळत होते. हजारो चेहरे पाहिलेल्या मला त्या क्षणी दिवे विझवून टाकावेसे वाटले. मी नवा फोटो जुन्यावर ठेवला आणि पडद्यावर प्रश्न टाकला. या वेळी कोणीही 'होय' दाबले नाही.

"पण मी तर उजव्या गालाचीच दिली," रुचिरा म्हणाली.  "हा बघ ठिपका. पडद्यावर डावीकडे. डावीकडे गप्प करणारी."

"पडद्यावर?" सुलक्षणा पुढे आली. "मॅडम, मी लाल दोऱ्याची मावशीच्या उजव्या गालाला लावली. त्यांच्या उजव्या. तुम्ही म्हणालात ना, उजवीकडे?"

"माझ्या उजवीकडे गं. फोटोत दिसतं ते उजवं. मी सगळं मोजते ते फोटोतच ना."

 सुलक्षणाच्या गावी देवाला कौल लावतात. काही विचारायचे असेल तर देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणे घालून वाट पाहायची. उजवी पडली तर होकार. लहानपणापासून ती आजोबांच्या मांडीवर बसून ते पाहत आली होती. "उजवो म्हणजे देवाचो उजवो, आपलो न्हय," ती पुटपुटली. "आजोबा सांगत, समोर बसलो त्याचोच उजवो खरो. माका दुसरा कधी सुचलाच नाय, मॅडम."

रुचिराने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मी विचारायला हवं होतं. मलाही दुसरं सुचलं नाही." म्हणजे अख्खी चाचणी उलटी झाली होती. समोरच्याचा उजवा गाल पडद्यावर डावीकडे येतो, त्यामुळे कोऱ्या बाटलीत गप्प करणारीच भरली गेली होती. विणणारीने उजवा गाल ताजा केला होता, पण हसताना डोळ्याशी पडणाऱ्या मथुरेच्या घड्या तशाच ठेवल्या होत्या. तिला त्या तरुणपणापासून होत्या, उन्हात डोळे बारीक करून होडीची वाट पाहून पाहून पडलेल्या. तुळशीदासने तिला त्याच खुणेने ओळखले होते. गप्प करणारीने ती खूणच झोपवून टाकली होती. आणि मी, इतका हुशार डबा, मी तिला हसताना कधी पाहिलेच नव्हते, कारण माझ्यासमोर हसायला मनाई आहे.

राजेशसर "वाट लागली यार" म्हणाले, डोके धरून बसले आणि मग अहवालातली नावे बदलून गप्प करणारी विकायला घेतली. विणणारी बंद झाली. उरली होती तेवढी रुचिराने लाल दोरा बांधून मथुरेला दिली आणि कोरी बाटली मोरीत ओतली. "त्या बाटलीचा असर आपोआप ओसरेल, मावशी. पण ही लाल दोऱ्याचीसुद्धा एक दिवस संपेल. आणि नाही संपली तरी वय काही थांबत नाही."

"ठावूक हाय गो मना," मथुरा म्हणाली.

तिच्या रेषा हळूहळू परत आल्या. दर खेपेला एखादी नवी उगवलेली दिसली की मी हरखून जायचो. सुरकुती परत आली म्हणून आनंदणारा जगात मी एकटाच डबा असेन. शेवटी एकदा ती तुळशीदासलाच घेऊन आली. उंच, वाकलेला म्हातारा, डोक्याला लाल टोपी. त्याने मथुरेकडे एका बाजूने पाहिले, दुसऱ्या बाजूने पाहिले आणि म्हणाला, "मथुरे, चल घरा. हितं काय काम हाय?" ती कधी हरवलीच नव्हती अशा थाटात म्हणाला. सुलक्षणा तोंड फिरवून रडली.

निघता निघता मात्र तो माझ्यापाशी आला. कोणी सांगितले नव्हते तरी खोबणीत हनुवटी टेकवून माझ्या काळोखात डोकावला. बराच वेळ तो बघत राहिला. त्या काळोखात तो पुसलेला, डावा डोळा उघडा असलेला फोटो आहे, हे फक्त मला माहीत होते. मग तो अगदी हलक्या आवाजात, घरातल्या बाईमाणसाशी बोलावे तसा बोलला, "बाई, तुमी पन आता घरा जा. तुमचा मानूस कुटंतरी तुमाला शोधत असंल."

मथुरेने त्याचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली. मी मात्र तेव्हापासून जरासा घाबरूनच असतो. आता मला प्लॅस्टिकचे आवरण घालून कोपऱ्यात ठेवले आहे. चेहरे मोजायला त्यांना आता मोबाइल पुरतो. माझे बटण कोणी दाबत नाही, तरी कधी कधी माझा पडदा आपोआप उजळतो आणि त्यावर तोच प्रश्न असतो, ही तीच व्यक्ती आहे का? मी उत्तर देत नाही. त्या बाईचा माणूस कोण आणि तो कुठे शोधत असेल, हे मला कसे कळणार?

सुलक्षणा सांगत होती की मथुरेची बाटली आता तळाला गेली आहे. तिने त्याची धास्ती सोडली आहे. सकाळी चहाचा कप पुढे करताना ती आधी सांगते, "मी मथुरा." कधी तुळशीदास हसतो, कधी नुसता बघत राहतो, पण ती सांगायचे चुकवत नाही. म्हणून मित्रांनो, मला पुसू नका, जपू नका, भंगारात घातलेत तरी चालेल, पण एवढे ऐका. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने तुम्हाला "तू कोण?" असे विचारले तर चिडू नका, हसू नका, कालच सांगितले म्हणू नका. जवळ जाऊन आपले नाव सांगा, पुन्हा विचारले तर पुन्हा सांगा. ते माणूस विचारते आहे, म्हणजे ते अजून तुम्हालाच शोधते आहे.